गोमाची म्हैस आणि अध्यक्षांचा खरवस

गौरी-गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीतून परिपत्रक आले. यास जबाबदार ते लिहिणारे गृहस्थ. त्यांचे नाव मला शेवटपर्यंत कळू दिले गेले नाही. पितृपक्षात गोमा भोईराची म्हैस व्यायली. यास कोणीही जबाबदार नाही. घटस्थापनेच्या दिवशी आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष दाजीसाहेब यांनी एका कागदावर सही केली. यास दाजीसाहेब जबाबदार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हैस हुसेनभाईंच्या मळ्यात शिरली. यास म्हैस जबाबदार असून तिने त्याची शिक्षा भोगली आहे. वसुबारशीस, ज्या दिवशी आपल्याकडच्या बायका गाय-वासराला ओवाळतात त्या दिवशी, नगरपालिकेच्या दारात म्हशीचा जाहीर लिलाव झाला. यास जबाबदार पुन्हा दाजीसाहेब आणि त्यांचे मेहुणे विनायकराव.

साल युद्ध संपले ते. गाव कर्जत आणि खालापूर यांच्या मध्ये कोठेतरी आहे असे वाचकांनी समजावे. मी नाव लिहीत नाही, कारण माझे भांडण गावाशी नाही. त्या नगरपालिकेत मी हेडक्लार्क होतो आणि तेथूनच निवृत्त झालो. या प्रकरणी मी अध्यक्षांना, सभासदांना आणि वरच्या कचेरीला पुष्कळ पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. अशात या अंकाच्या संपादकांचे पत्र आले, की नोकरीतल्या काही गमती लिहून पाठवा. गमती मला ठाऊक नाहीत. मला एक प्रकरण ठाऊक आहे, ते लिहितो.

परिपत्रकाचा आशय साधा होता आणि मला आजही तो योग्य वाटतो. नगरपालिकेच्या प्रत्येक नोकराने व सभासदाने आपली मालमत्ता, आपले नातेवाईक व त्यांचे धंदे लिहून द्यावेत. ज्या कामात आपला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, त्या कामाला हात लावू नये. पालिकेशी ज्याचा संबंध येतो अशा कोणाकडून भेट स्वीकारू नये. स्वीकारली असल्यास जाहीर करावी. शहरातल्या मोठ्या नगरपालिकांत हे शक्य असेल. तेथे कारकुनाला शेजाऱ्याचे नाव माहीत नसते. आमच्याकडे रस्त्याने जाताना चार माणसे भेटली तर दोघे मामा निघतात आणि उरलेल्या दोघांकडे आपली बहीण दिलेली असते.

तरीही मी नियम अक्षरशः अमलात आणला. सर्वांना आवारात बोलावून परिपत्रक मराठीत समजावून सांगितले, आणि गावात दवंडी पिटवली की पालिकेच्या नोकराशी कोणी काही आपसांत मिटवू नये, जे काही असेल ते कायदेशीर मार्गाने यावे. या दवंडीचा पुढे संबंध येईल.

लोकांनी परिपत्रक मनावर घेतले, हे मला नमूद केले पाहिजे. आमचा दिवाबत्तीवाला, ज्याने चांदण्या रात्री रस्त्यावरचे कंदील लावू नयेत असा तेल वाचविण्याचा ठराव होता, त्याने लिहून दिले की चांदण्यात माझा हितसंबंध आहे, त्या रात्री मला घरी लवकर जाता येते. मी त्यास विचारले की यावर पालिकेने काय करावे. तो म्हणाला, ते तुमी बघा, मी लपवलं नाय. जकात नाक्यावरच्या नाकेदाराचे सासरे लोधिवलीहून लेकीसाठी एक भोपळा घेऊन आले. भोपळा आपल्याच पानात पडणार हे जाणून नाकेदाराने त्यावर जकात घेण्याचे अथवा न घेण्याचे नाकारले, आणि बदली माणूस येईपर्यंत सासऱ्यांना भोपळ्यासह नाक्याबाहेरच्या दगडावर बसवून ठेवले. सासरे संध्याकाळी भोपळा उचलून लोधिवलीस परत गेले. भोपळ्यापाठोपाठ लेकही गेली, ती दिवाळीपर्यंत आली नाही. लोक हसले. मी हसलो नाही. नाकेदाराने जे केले ते दाजीसाहेबांनी केले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

आता कोंडवाड्याविषयी. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणाचे गुरू, म्हणजे गाय, म्हैस, बैल असे जनावर, दुसऱ्याच्या पिकात शिरले, तर पिकाच्या मालकाने ते धरून कोंडवाड्यात आणावयाचे. कोंडवाडेवाल्याने ते आत घ्यावयाचे, पावती द्यावयाची, वैरणपाणी करावयाचे. गुराच्या मालकाने येऊन दंड आणि वैरणीचा खर्च भरावयाचा आणि गुरू सोडवून न्यावयाचे. कोणी आलेच नाही तर मुदतीनंतर नोटीस लागते आणि लिलाव होतो. त्या लिलावात कोंडवाडेवाल्याने स्वतः अथवा दुसऱ्यामार्फत गुरू विकत घेऊ नये, असे कायद्यात स्पष्ट आहे. कलम शहाणपणाचे आहे. ते नसते तर कोंडवाडेवाल्यांनी लोकांची गुरे आत दडवून ठेवून स्वस्तात पदरात पाडून घेतली असती.

आमचा कोंडवाडेवाला गोमा भोईर. दगडी कुंपण, एक लाकडी फाटक आणि आत आंब्याचे झाड, एवढा त्याचा कारभार. शेत दुसऱ्याचे कसायचा, स्वतःची म्हणून त्याच्याकडे एकच म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. युद्धाच्या काळात चांगले दूध चौक गावाजवळच्या हमरस्त्यावर थांबणाऱ्या लष्करी गाड्यांकडे जाई. गावात रतीब घालणारी गोमाची बायको हौसाबाई तेवढी राहिली होती. माझ्याकडे तिचाच रतीब होता. कचेरीतल्या प्रत्येकाकडे तिचाच होता.

चांदी पितृपक्षात व्यायली तेव्हा हौसाबाईने रीतीप्रमाणे पहिल्या दुधाचा चीक घरोघर वाटला. चिकाचे पैसे कोणी घेत नाही आणि कोणी देत नाही. फक्त भांडे रिकामे परत पाठवावयाचे नसते. त्यात मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, असे काही घालतात. आमच्या घरी खरवस झाला. मी तो खाल्ला, आणि घटस्थापनेला लिहून दिलेल्या माझ्या कागदावर ‘भेटी’ या सदराखाली नोंदवला: एक वाटी खरवस, वेलची घातलेला. कचेरीतल्या सर्वांनी आणि सभासदांनीही, मी बजावल्यावरून, असेच नोंदवले. दाजीसाहेबांनी मात्र लिहिले: ‘भेट नाही. हितसंबंध नाही.’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीने दावे तोडले आणि ती हुसेनभाईंच्या मळ्यात शिरली. हुसेनभाईंचा मळा चौकाच्या रस्त्याला. पडवळाचा मांडव तिने खाली आणला आणि मुळ्याचे वाफे तुडवले. एरवी त्यांनी काय केले असते ते सारा गाव जाणतो. म्हैस गोमाच्या दारात आणून बांधली असती, हौसाबाईला चार शब्द सुनावले असते, हौसाबाईने आठ परत केले असते, आणि दुसऱ्या दिवशी एक तांब्या दूध मळ्यावर पोचले असते. परंतु हुसेनभाईंनी माझी दवंडी ऐकली होती. ते कायदा मानणारे गृहस्थ. त्यांनी म्हैस सरळ कोंडवाड्यावर नेली.

गोमा फाटकात उभा होता. हुसेनभाईंनी दावे पुढे केले. गोमाने हात मागे घेतला.

“घे रं, पावती दे,” हुसेनभाई म्हणाले.

“मला नाय घेता येत. माजीच हाय.”

“तुजी हाय ते मला ठावं नाय का? तुजी नसती तर मी यवढ्या लांब आनली असती का?”

“भाऊसाहेबांनी सांगितलंय, आपल्या कामाला आपला हात लावायचा नाय.” भाऊसाहेब म्हणजे मी.

“मंग मी काय हिला घरी नेऊन पाळू?”

दोघे म्हैस घेऊन कचेरीत आले. म्हणजे म्हैस पायरीखाली थांबली आणि ते वर आले. मी कायदा उघडला. आणलेले प्रत्येक गुरू कोंडवाडेवाल्याने आत घेतलेच पाहिजे, असे एका बाजूस. हितसंबंध असलेल्या नोकराने त्या कामात भाग घेऊ नये, असे दुसऱ्या बाजूस. मी निर्णय दिला की आत घेणे हे सक्तीचे कर्तव्य आहे, त्यात निवड नाही, म्हणून ते गोमाने करावे. परंतु सोडणे म्हणजे दंड ठरविणे, रक्कम घेणे, पावती देणे. तेथे गोमा स्वतःच स्वतःला पावती देणार. ते त्याने करू नये, दुसऱ्या कोणा निर्लेप नोकराने करावे. हा निर्णय आजही कोणत्याही न्यायालयात टिकेल.

गोमा दंड भरावयास त्याच क्षणी तयार होता. पैसे हौसाबाईच्या पदरात बांधलेले होते. प्रश्न एवढाच, की ते घ्यावयाचे कोणी.

मी एकेकाला बोलाविले. नाकेदाराने खरवस खाल्ला होता. दिवाबत्तीवाल्याने खाल्ला होता, शिवाय तो हौसाबाईचा चुलतभाऊ. देवीची लस टोचणाऱ्याने खाल्ला होता आणि दोनदा मागून घेतला होता. झाडूवाला म्हणाला, आमच्याकडे बी आला व्हता, हौसावयनी कुनाला वगळत नाय. शिपायाने सांगितले की मी खाल्ला नाही, मला आवडत नाही. मी आशेने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो म्हणाला की बायकोने मात्र त्याच्या वाट्याचाही खाल्ला. राहिलो मी. माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात वेलचीसकट नोंद होती.

मी त्याच दिवसापासून रतीब बंद केला आणि वरच्या कचेरीला पत्र लिहिले, की दूध सोडल्यानंतर किती काळाने मनुष्य निर्लेप समजावा, हे कृपया कळवावे. उत्तर नाही. कोजागरीला सर्वजण आटवलेले दूध पीत होते तेव्हा मी पेल्यात पाणी घेऊन बसलो. घरी काळा चहा सुरू झाला. आमच्या कुटुंबाने तो पुढ्यात ठेवताना म्हटले, “अहो, म्हैस त्यांची, मळा त्यांचा, आणि उपास आम्हाला का?” यास मी लेखी उत्तर देऊ शकलो असतो, परंतु दिले नाही.

दरम्यान नवीन अडचण उभी राहिली. म्हशीचे दूध काढलेच पाहिजे, नाही तर कास सुजते. चांदी हौसाबाईखेरीज कोणाला हात लावू देत नसे. नाकेदाराने प्रयत्न केला, तो आठवडाभर लंगडत होता. मग हौसाबाईला आत सोडावे लागले. पण ते दूध कोणाचे? पालिकेच्या ताब्यातल्या गुराचे, म्हणून मालकाला देता येत नाही. पालिकेने विकावे, तर तसा ठराव नाही. मी सुचविले की दूध रेडकाला पाजावे, म्हणजे कोणाचाच आक्षेप राहणार नाही. परंतु रेडकू कोंडवाड्याबाहेर होते. ते गोमाच्या घरी बांधलेले होते आणि ओरडून ओरडून साऱ्या आळीची झोप घालवीत होते. त्याला आत घ्यावयाचे तर त्याने आधी कोठे तरी शिरकाव केला पाहिजे.

हौसाबाई हुसेनभाईंकडे गेली. हुसेनभाईंना रेडकाची दया आली. त्यांनी तिला सांगितले, आण तुझे रेडकू माझ्या मळ्यात, चार पाने खाऊ दे, मग मीच धरून नेतो. त्याप्रमाणे ते रेडकाला उचलूनच कचेरीत घेऊन आले आणि त्याने मुळा खाल्ल्याचे त्यांनी मला सांगितले. मला विचारणे भाग होते की ते त्यांच्या परवानगीने शिरले की परवानगीवाचून. परवानगीने शिरलेले गुरू हा शिरकाव नव्हे, तो पाहुणचार होय.

हुसेनभाईंनी रेडकू खाली ठेवले.

“भाऊसाहेब, परवानगी मी काढून घेतली. आता शिरू द्या, आनि धरा.”

रेडकाला पुन्हा मळ्यापर्यंत नेण्यात आले. ते शिरेना. त्याला आईकडे जावयाचे होते. शेवटी हुसेनभाईंनी ते कडेवर घेतले, कोंडवाड्याच्या कुंपणावरून आत सोडले आणि मला सांगितले की तुम्ही काही पाहिले नाही असे समजा. मी पाहिले होते. ते मी नोंदवले नाही.

मी दाजीसाहेबांकडे गेलो. साऱ्या पालिकेत स्वतःच्या कागदाप्रमाणे निर्लेप असे ते एकच होते. दंड तुम्ही घ्यावा आणि म्हैस सोडावी, अशी मी विनंती केली. गोमाही माझ्याबरोबर अंगणात उभा होता. दाजीसाहेब सुपारी कातरीत म्हणाले की प्रकरण नाजूक आहे, नोकरांच्या बाबतीत घाई केली तर लोक बोलतील, विचार करून सांगतो. मी पुन्हा गेलो, तोच विचार चालू होता. मुदत भरली, नोटीस लागली, तरी विचार संपेना.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. कोंडवाड्याला गवत पुरविण्याचा मक्ता दाजीसाहेबांचे मेहुणे विनायकराव यांच्याकडे होता. पळसदरीकडून त्यांच्या गवताच्या गाड्या येत. म्हैस जितके दिवस आत, तितके दिवस त्यांचे गवत आत. हा हितसंबंध तुम्ही का लिहिला नाही, असे मी दाजीसाहेबांना समोरासमोर विचारले. ते म्हणाले, “मेहुणा हा बायकोचा नातेवाईक. माझा कसा?” ज्या गावात दिवाबत्तीवाल्याने चंद्रदेखील लपविला नाही, त्या गावचा हा अध्यक्ष.

वसुबारशीला लिलाव झाला. सारा गाव जमला होता. म्हशीचे दावे नियमाप्रमाणे कोंडवाडेवाल्याने धरावयाचे, म्हणून ते गोमाच्याच हातात होते. मधोमध चांदी, तिच्या पोटाखाली रेडकू. दाजीसाहेब खुर्चीवर बसले होते. बोली पुकारली गेली आणि कोणीही तोंड उघडले नाही. शेजाऱ्याची म्हैस त्याच्या डोळ्यांदेखत घेणारा माणूस आमच्या गावात नव्हता. शेवटी विनायकराव पुढे झाले आणि त्यांनी एक आकडा सांगितला. तो मी येथे लिहीत नाही. त्या पैशात त्या काळी धड शेळी आली नसती.

तेव्हा मागून हुसेनभाई पुढे आले आणि त्यांनी त्याहून मोठी बोली केली. लोकांत हालचाल झाली. गोमाने मान वर केली.

दाजीसाहेबांनी विचारले, “हुसेन, तुला म्हैस कशाला रे? कोणासाठी घेतोस?”

“गोमासाठी. आनि कुनासाठी?”

दाजीसाहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, हेडक्लार्क, कलम वाचा. मी वाचले. कोंडवाडेवाल्याने स्वतः अथवा दुसऱ्यामार्फत. हुसेनभाई खोटे बोलले असते, स्वतःसाठी घेतो म्हणाले असते, तर म्हैस त्या संध्याकाळी गोमाच्या गोठ्यात असती. ते खरे बोलले म्हणून बोली बाद झाली. म्हैस खोट्या कागदावर सही करणाऱ्याच्या मेहुण्याकडे गेली. मी कायद्याची सेवा आयुष्यभर केली. त्या दिवशी प्रथमच माझा आवाज मला परका वाटला.

गोमाने दावे विनायकरावांच्या हातात दिले नाही. जमिनीवर ठेवले. विनायकरावांना ते वाकून उचलावे लागले. संध्याकाळी तो कचेरीत आला आणि त्याने कोंडवाड्याची किल्ली माझ्या मेजावर ठेवली. मी त्यास म्हटले की तुझी काहीही चूक नाही, तू नोकरी सोडू नकोस, मी वर लिहितो.

“तुमी लिवा, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “पर उद्या कुनी आपली म्हस सोडवाया आला, तर त्याच्या फुडं मी कंच्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?”

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते; मी त्यास मुद्देसूद उत्तर दिले असते.

पुढचे थोडक्यात. विनायकरावांच्या गोठ्यात चांदी कोणाला दूध देईना. गडी बदलले, पेंड बदलली, तरी व्यर्थ. अखेर त्यांनी हौसाबाईला निरोप पाठविला. घरात दुसरी मिळकत राहिली नव्हती, म्हणून ती तिकडे गेली. तेव्हापासून आजतागायत हौसाबाई रोज दोन वेळा परक्याच्या गोठ्यात जाऊन स्वतःच्या म्हशीचे दूध मजुरीने काढते. ते दूध विनायकरावांच्या नावाने गावात रतीबाला जाते. मी घेत नाही. आमच्याकडे अद्याप काळा चहा आहे. आमच्या कुटुंबाने आता त्याबद्दल बोलणे सोडले आहे. तिने तो स्वतःही सुरू केला आहे.

निवृत्त झाल्यावर मी या प्रकरणाचा शांतपणे विचार केला आणि मला त्यातला मुख्य मुद्दा सापडला. तो मी येथे जाहीरपणे मांडतो. चीक वाटला गेला तेव्हा परिपत्रक लागू झालेले होते. हौसाबाई शपथेवर सांगावयास तयार आहे, की तिने चिकाचे पहिले भांडे मानाने अध्यक्षांच्या घरी नेले आणि ते परत आले तेव्हा त्यात तांदूळ व गुळाचा खडा होता. तांदूळ घातले म्हणजे मोबदला झाला, मोबदला झाला म्हणजे व्यवहार झाला, आणि व्यवहार झाला म्हणजे हितसंबंध आला. ज्या खरवसाने नाकेदार, शिपाई आणि मी अपात्र ठरलो, त्याच खरवसाने दाजीसाहेबही अपात्र ठरतात. मग ते लिलावाच्या खुर्चीवर बसलेच कसे? त्यांनी पुकारलेला लिलाव रद्द, विनायकरावांची खरेदी रद्द, आणि चांदी कायद्याच्या दृष्टीने आजही गोमा भोईर याची म्हैस आहे. तिला सोडविण्याचा दंड हौसाबाईच्या पदरात तेव्हाच बांधलेला होता. तो कोणी घेतला नाही, हा तिचा अपराध नव्हे.

मेहुणा बायकोचा, असे दाजीसाहेब म्हणाले. खरवसही बायकोनेच खाल्ला, असे ते म्हणतील. ते उत्तर शिपायाने दिले होते आणि मी ते ग्राह्य धरले नव्हते.

म्हणून माझी मागणी. पत्राचे उत्तर मला नको; अनुत्तरित पत्रांची मला सवय आहे. दाजीसाहेबांनी येत्या बाजाराच्या दिवशी, जेथे लिलाव झाला त्याच जागी, गोमा आणि हौसाबाई यांच्यासमोर उभे राहून एका शब्दात सांगावे, की त्या पितृपक्षात त्यांनी खरवस खाल्ला की नाही. चांदी पुन्हा गाभण आहे आणि तिचे दिवस भरत आले आहेत. ती व्याल्यावर चिकाची भांडी कोणाच्या दारातून निघणार, हे त्या एका शब्दावर अवलंबून आहे. आमच्या घरी मी भांडे घासून ठेवले आहे, आणि परत पाठवताना त्यात घालावयाचे तांदूळही निवडून ठेवले आहेत.